जुन्या चिऱ्यांच्या दरजा चुन्यानेच भरा
कोकणातल्या जुन्या घराच्या चुन्यातल्या दरजा झडल्या की बहुतेकजण सिमेंट लिंपून मोकळे होतात. कृपया तसं करू नका! जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि ती ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने ही वाट बुजली की ओल चिऱ्यातच अडकते आणि मग चिराच झडू लागतो.

सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, धूळ झाडा, पाणी मारा. 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू (खारी अजिबात नको!) कालवून दाबून भरा. आठवडाभर ओलं गोणपाट टांगा. चुना सावकाशच घट्ट होतो. हातमोजे, चष्मा हवेतच. भेग रुंदावत असेल, तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवा.