ॲकरमनचं नाव, लांकेन्स्पेर्गरचं चाक

भोकांच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या मेकॅनो या खेळण्याची मोटार बांधताना बॉडीत मला कधीच रस वाटला नाही. तीसच्या दशकात कंपनीने रंगीत, गोलसर पत्र्यांचा ‘मोटार कार कन्स्ट्रक्टर’ हा वेगळा संच काढला. दिसायला देखणा, पण त्यात डोकं चालवायला फारसं काही नाही. खरी मजा त्याच्या थोडं आधी आलेल्या ‘मोटार चॅसी’ या सुपरमॉडेलमध्ये आहे. नुसता सांगाडा, पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग सगळं उघडं, आणि सगळं चालणारं.

मेकॅनो काढणाऱ्या हॉर्न्बीची कथा बहुतेकांना ठाऊक असते : लिव्हरपूलच्या मांस-आयातदाराकडचा हिशेबनीस, १९०१ चं पेटंट, १९०७ मध्ये आलेलं ‘मेकॅनो’ हे नाव, पुढे खासदारकी. आपल्याला त्यातलं एवढंच हवंय की त्याच्या प्रत्येक पट्टीला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं आहेत. चॅसीतलं सगळं सुख आणि सगळा मनस्ताप त्या अर्ध्या इंचातून येतो, आणि सर्वांत जास्त येतो पुढच्या चाकांपाशी.

वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारख्याच कोनात वळवली तर एक तरी घासत जाणार. पंचवीस भोकांची लांब गर्डर घ्या आणि तिच्या दोन टोकांच्या भोकांवर पुढचा-मागचा आस ठेवा. अंतर बरोबर १२ इंच. चाकांमधली रुंदी ६ इंच धरा. आतलं चाक ३० अंशांत वळलं तर बाहेरचं सुमारे २४ अंशांतच वळायला हवं. हे सहा अंश कसे साधायचे? या प्रश्नाच्या उत्तराला आयटीआयपासून इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत सगळे ‘ॲकरमन स्टिअरिंग’ म्हणतात.

रुडॉल्फ ॲकरमन हा मूळचा सॅक्सनीचा. खोगीर आणि बग्ग्या बनवण्याचं काम शिकून लंडनला आला आणि नाव काढलं ते छापील चित्रांच्या धंद्यात. स्ट्रँडवरचं त्याचं दुकान आणि १८०९ पासूनचं त्याचं ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ हे मासिक, दोन्ही शौकिनांच्या ओळखीची होती. नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यानेच आखला. माणूस हुन्नरी, यात शंका नाही. पण स्टिअरिंग त्याचं नव्हे. ते म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराचं. ॲकरमन हा त्याचा इंग्लंडमधला एजंट. १८१८ चं इंग्लिश पेटंट मात्र एजंटाच्या नावावर निघालं, आणि पुढच्याच वर्षी त्याने पुस्तिका काढून जाहिरातही सुरू केली. त्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. परदेशी शोधांची पेटंटं तेव्हा अशीच निघत. पण ज्याच्या हाती छापखाना, त्याचं नाव टिकतं, हेही तितकंच खरं.

शोध तरी काय होता? जुन्या बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरे. जोरात वळताना चाक गाडीखाली शिरे, म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागत, आणि अर्धा आधार सुटल्यामुळे गाडी उलटण्याची धास्ती. लांकेन्स्पेर्गरने आस जागच्या जागी ठेवून प्रत्येक चाकाला स्वतंत्र खिळा दिला. अशी युक्ती त्याच्याही आधी लिचफिल्डच्या एका डॉक्टरने, इरॅस्मस डार्विनने, लढवली होती. हा चार्ल्सचा आजोबा. त्याला १७६८ मध्ये स्वतःच्याच बनावटीच्या गाडीने फेकून दिलं आणि गुडघ्याची वाटी फुटली, तेव्हा शोधकांबद्दल फार भाबडं होण्याचं कारण नाही.

लंडनच्या बग्गीवाल्यांनी ॲकरमनला फारशी दाद दिली नाही. पुढची साठेक वर्षं सोडून देऊ. गंमत अशी की कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीलाही तीनच चाकं होती. दोन पुढची चाकं नीट वळवण्याचा घोळच नको म्हणून त्याने एकच लावलं. आपली रिक्षा आजही तीच पळवाट वापरते. चारचाकीसाठीचं स्टिअरिंगचं पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळालं.

सहा अंशांची सोय मात्र पॅरिसच्या शार्ल जाँतोकडून आली, १८७८ मध्ये. चाकांना जोडलेले दोन हात समांतर न ठेवता आत झुकवायचे, इतके की त्यांच्या रेषा वाढवल्या तर मागच्या आसाच्या मध्यावर मिळाव्यात. आपल्या १२ बाय ६ च्या सांगाड्यात हा झुकाव १४ अंशांचा येतो. आता हात एक इंचाचा घेतला, तर दोन खिळ्यांत भोकांची १२ अंतरं असताना हातांची टोकं जोडणाऱ्या जोडपट्टीत ती ११ हवीत. हिशेबाने साडेपाच इंचांपेक्षा जेमतेम दीड शतांश इंच जास्त. हॉर्न्बीने हे मनात धरून भोकं पाडली नसणार, पण साडेसात इंची पट्टीचं पहिलं आणि बारावं भोक घेतलं की जाँतोचा नियम जवळजवळ आपोआप बसतो.

‘जवळजवळ’ म्हणायचं कारण नियम स्वतःच अंदाजी आहे. आतलं चाक ३० अंशांत वळवून मांडणी केली तर बाहेरचं २४ ऐवजी पावणेसव्वीसच्या आसपास येतं. कागदावर हे खुपतं. सांगाड्यात त्याहून जास्त त्रास सांध्यांचा होतो. जोडपट्टीच्या बोल्टवर एकच नट घट्ट पिळला तर सांधा फिरत नाही, सैल ठेवला तर चार वळणांत निघून येतो. म्हणून दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि पट्टी त्यांच्याखाली मोकळी सोडायची. तरी भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं असल्याने हात थोडा डुगडुगतो, आणि आखूड हातावर तो डुगडुगाट जाँतोच्या उरलेल्या चुकीला सहज गिळून टाकतो. तो कमी करायचा तर हात दोन इंचांचा करा आणि जोडपट्टीत अंतरं ११ ऐवजी १० ठेवा. प्रमाण तेच राहतं.