क्रियापद चालते कसे?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे 'फियाट' हे नाव त्या भागातल्या मुलांच्या कानावरून गेलेले असते. १८९९ साली इटलीतल्या तोरीनो शहरात सुरू झालेल्या मोटार कारखान्याचे हे नाव. 'तोरीनोचा इटालियन मोटार कारखाना' या अर्थाच्या चार इटालियन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनले. गंमत अशी, की इटालियनची आई जी लॅटिन, तिच्यात 'फियाट' हा एक अख्खा शब्दच आहे, आणि तो आहे क्रियापदाचे एक रूप. अर्थ : 'होवो', 'व्हावे'. म्हणजे आपल्या व्याकरणात ज्याला आज्ञार्थ किंवा विध्यर्थ म्हणतात, त्याच्या जवळचे रूप.

काळ आणि अर्थ हा धडा सातवी-आठवीच्या वर्गात बहुधा पाठांतराने उरकला जातो. वर्तमान, भूत, भविष्य. मग स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. प्रत्येकाचे एक उदाहरण, की झाले. पण क्रियापद चालवणे हे पाढ्यासारखे पाठ करण्याचे काम नाही. ते एक यंत्र आहे, आणि त्याचे भाग सुटे करून पाहता येतात. परक्या भाषेचे यंत्र शेजारी ठेवले तर आपले अधिक स्पष्ट दिसते, म्हणून इटालियन घेऊ.

'बोलणे' याला इटालियनमध्ये 'पार्लारे' म्हणतात. शेवटचे 'आरे' काढले की 'पार्ल' उरतो, तो धातू. त्याला प्रत्यय जोडत जायचे : पार्लो (मी बोलतो), पार्ली (तू), पार्ला (तो किंवा ती), पार्ल्यामो (आम्ही), पार्लाते (तुम्ही), पार्लानो (ते). इटालियन व्याकरणात अशा एका क्रियापदाचे सात अर्थ आणि त्यांत मिळून एकवीस काळ सांगतात. विद्यार्थ्याला धडकी भरावी असाच आकडा. पण त्यातले निम्मे 'असणे' किंवा 'जवळ असणे' या साहाय्यक क्रियापदांच्या जोडीने बनतात, म्हणजे नवीन काही शिकावे लागत नाही. कर्त्यानुसार बदलणारे साधे संच उरतात फक्त आठ. आणि एका 'पार्लारे'चे आठ संच आले की त्याच वळणाच्या हजारो क्रियापदांचे येतात.

आता आपले 'बोलणे'. धातू 'बोल'. बोलतो, बोलला, बोलावा, बोले, बोलू, बोलेल. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात या रूपांना दिलेली नावे पहा : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात, ऊ-आख्यात, ई-लाख्यात. नावे ऐकायला भयंकर आहेत, पण मला ती 'वर्तमानकाळ', 'भूतकाळ' यांपेक्षा प्रामाणिक वाटतात. ती रूपाला नाव देतात, अर्थाला नाही. रूप एक असले तरी अर्थ अनेक असू शकतात. 'मी उद्या दौंडला जातो' यात ताख्यात आहे, पण काळ भविष्य. 'थांब, आलोच' यात लाख्यात आहे, आणि म्हणणारा अजून जागचा हललेलाही नसतो.

या सहा रूपांत एक भेद आहे, तो मुलांना शोधायला सांगा. 'तो' च्या जागी 'ती' घालून पाहायचे. तो बोलतो, ती बोलते. तो बोलला, ती बोलली. शब्द बोलावा, भाषा बोलावी. इथवर रूप बदलते. पुढे? तो बोलेल, ती बोलेल. तो पूर्वी फार बोले, ती पूर्वी फार बोले. आम्ही बोलू, मग आम्ही मुलगे असू की मुली. बदल नाही!

असे का? त, ल आणि व ही रूपे मुळात क्रियापदे नव्हेत, ती धातूपासून बनलेली विशेषणे आहेत. 'चांगला, चांगली, चांगले' तसे 'बोलला, बोलली, बोलले'. विशेषण म्हटले की लिंग आलेच. (अनेकवचनी 'बोलतात' मध्ये मात्र ते पुसले गेले आहे.) उलट 'बोले' हे संस्कृत-प्राकृतातून आलेले खरे जुने क्रियारूप. ज्ञानेश्वरांच्या काळी ते वर्तमानकाळाचे काम करी. पुढे 'बोलतो' ने ती जागा घेतली आणि 'बोले' मागे सरकून 'पूर्वी नेहमी बोलत असे' या अर्थापुरते उरले. म्हणींत मात्र ते अजून वर्तमानात टिकून आहे : 'नाचता येईना, अंगण वाकडे' यातला 'येईना' म्हणजे 'येई' अधिक 'ना'. त्याच जुन्या रूपाला 'ल' चे ठिगळ लावले की भविष्यकाळ तयार : बोले, बोलेल. 'गर्जेल तो पडेल काय' मधली दोन्ही रूपे अशीच.

इटालियनची गोष्ट वेगळी नाही. तिथला भविष्यकाळ 'पार्लेरो' हाही ठिगळाचाच. 'पार्लारे' ला 'माझ्याजवळ आहे' या अर्थाचा 'ओ' चिकटला. 'मला बोलायचे आहे' चे 'मी बोलेन' झाले. लिंगाचेही तसेच. 'पार्ला' म्हणजे तो बोलतो आणि ती बोलते, दोन्ही. पण 'गेला' साठी 'आंदातो' आणि 'गेली' साठी 'आंदाता', कारण ते धातुसाधित विशेषण आहे.

आता शिरूर-दौंडच्या वर्गांत रोज ऐकू येणाऱ्या एका वाक्याकडे येऊ. 'म्या पाटी उचलली.' शिक्षक ते 'मी पाटी उचलली' असे सुधारतात. लेखी परीक्षेसाठी ते ठीकच आहे. पण सुधारण्याआधी जरा थांबावे असे हे वाक्य आहे. उचलणारा मुलगा असला तरी 'उचलली' स्त्रीलिंगी का? कारण 'उचलली' हे पाटीचे विशेषण आहे : माझ्याकडून उचलली गेलेली पाटी. दगड उचलला, विटा उचलल्या. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. 'त्याने पाटी उचलली' यात 'ने' मुळे तृतीया दिसते, पण 'मी' मध्ये ती दिसत नाही, आणि मुले नेमकी तिथेच अडखळतात. 'म्या' मध्ये मात्र ती दिसते. संस्कृत 'मया' पासून आलेले हे तृतीयेचे रूप दामल्यांच्या व्याकरणातही आहे. प्रमाण मराठीने जे झाकले ते घरच्या बोलीत उघडे आहे. कर्मणी प्रयोग शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि ते फळ्यावर लिहिण्याआधीच मुलाच्या तोंडात असते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या वसाहतींत कामाला आलेल्या हिंदी भाषक कुटुंबांतले मूल 'मैंने' वरून 'मीने पाटी उचलली' म्हणाले, तर त्यानेही तोच नियम बरोबर पकडलेला आहे. आपण 'मी' ला 'ने' लावत नाही, एवढेच त्याला सांगायचे.

'ते बोलत्यात' याचेही तसेच. जे मूल 'बोलत्यात' म्हणते ते 'करत्यात', 'जात्यात' असेही म्हणते. म्हणजे त्याच्याजवळ एक पूर्ण, नियमित तक्ता आहे. शाळेत त्याला दुसरा तक्ता शिकायचा आहे. 'तुला बोलताच येत नाही' असे ऐकलेले मूल पुढे वर्गात तोंड उघडत नाही; 'हे घरचे, हे पुस्तकातले' असे ऐकलेले मूल दोन्ही तक्ते सांभाळते.

लहान मुलांचा 'करला' हा याच यंत्राचा आणखी एक पुरावा. 'मी अभ्यास करला', 'उंदीर मरला' असे मोठी माणसे म्हणत नाहीत, तेव्हा हे ऐकून उचललेले नव्हे. उचल-उचलला, बोल-बोलला, तर कर-करला : मुलाने नियम काढला आणि चालवला. 'केला' आणि 'मेला' ही रूपे मराठी धातूंपासून बनलेलीच नाहीत, ती संस्कृतातल्या 'कृत' आणि 'मृत' यांची प्राकृतातून आलेली नातवंडे आहेत. त्यांच्यावर 'करला', 'मरला' चा नियम कसा चालणार? इटालियनमध्ये 'मेलेला' याला 'मॉर्तो' म्हणतात. तेही अनियमित, आणि धातूही तोच, आपल्या 'मृत' चा. अनियमित रूपे सगळ्यांत जास्त वापरातल्या क्रियापदांची असतात : करणे, जाणे, येणे, घेणे, देणे, खाणे, म्हणणे. रोज शंभरदा कानावर पडल्यामुळे ती पाठ राहतात, म्हणून टिकतात. भाषेत नव्याने येणारी क्रियापदे मुकाट्याने नियमित रांगेत उभी राहतात. 'बदल' हा शब्द अरबीतून आला. 'बदलतो, बदलला, बदलेल' मध्ये त्याला कसलीच सवलत मिळाली नाही.

मुलांच्या डोक्यात खरोखर नियम असतो, का ती ऐकलेली रूपे साठवतात? १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने यावर एक साधा प्रयोग केला. चार ते सात वर्षांच्या मुलांना तिने चित्रे दाखवून अस्तित्वातच नसलेले शब्द सांगितले आणि त्यांची अनेकवचने, भूतकाळ विचारले. कधीच न ऐकलेल्या शब्दांना बहुतेक मुलांनी बिनचूक प्रत्यय लावले.

हा प्रयोग मराठीत तुमच्या वर्गात एका तासात होतो. 'झिटपणे' हे खोटे क्रियापद घ्या. काठीने चेंडू टोलवणाऱ्या मुलाचे चित्र फळ्यावर काढा आणि सांगा, 'हा चेंडू झिटपतो.' मग विचारा : काल त्याने दोन चेंडू काय केले? काल त्याने एक बाटली काय केली? उद्या तो काय करील? त्याला हुकूम कसा द्याल? 'पाणी सुटले असते तर ऊस वाचला असता' या चालीवर 'चेंडू मिळाला असता तर त्याने तो...' हे वाक्य पुरे करायला सांगा. मुलांच्या तोंडून आलेली रूपे, बोलीतली असली तरी, जशीच्या तशी लिहून घ्या. 'बाटली झिटपली' असे किती जण म्हणतात आणि 'झिटपला' किती, हे पहिली, चौथी आणि सातवीच्या वर्गांत वेगवेगळे मोजा. घरी मराठी नसलेल्या मुलांची उत्तरे निराळ्या कागदावर ठेवा, कारण कर्माप्रमाणे लिंग बदलण्याचा नियम त्यांच्यापैकी कोणाला कधी सापडतो हे त्या कागदावरून कळेल.