रंगमंचावरील झुंज आणि नटाची सुरक्षितता

जुलै १९८२ मध्ये बंगलोर विद्यापीठाच्या आवारात 'कुली' या हिंदी चित्रपटातील मारामारीचे चित्रीकरण चालू असता अमिताभ बच्चन यांचा उडीचा अंदाज चुकला आणि मेजाची कड पोटात लागून आतड्यास गंभीर इजा झाली. सुमारे दोन महिने ते रुग्णालयात होते. सरावलेल्या नटावरही असा प्रसंग ओढवतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा यांसारख्या गावी एखादे हौशी मंडळ ऐतिहासिक नाटक बसवू लागले, तर त्याच्या हाताशी ना झुंजीचा दिग्दर्शक असतो, ना जाड गाद्या. म्हणून या कलेची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

लाठी किंवा दांडपट्टा उत्तम फिरविणारा गडी नाटकातील लढाईही उत्तम करील, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. आखाड्यातील खेळाडूस प्रतिस्पर्ध्याला चकवून वार करावयाचा असतो. नटास मात्र वार होण्यापूर्वी तो समोरच्यास कळवावा लागतो. प्रथम नजरानजर, मग मार खाणाऱ्याची तयारी आणि त्यानंतरच वार, असा हा क्रम आहे. झुंजीची सूत्रे मारणाऱ्याच्या नव्हे, तर मार खाणाऱ्याच्या हाती असतात. केस धरून फरफटविण्याचे दृश्य घ्या. मारणारा केस पकडीत नाही. मिटलेली मूठ डोक्यावर नुसती टेकवितो. दुसरा दोन्ही हातांनी ती मूठ स्वतःच्या डोक्याशी दाबून धरतो आणि आपल्याच पायांनी फरफटत जातो. प्रेक्षकास मात्र उलटेच दिसते.

थप्पड वा ठोसा चेहऱ्यापासून दूर, हवेतून जातो. आवाज मार खाणारा आपल्या छातीवर किंवा मांडीवर हात आपटून काढतो. कॅमेरा एकाच डोळ्याने पाहत असल्याने त्यास मधले अंतर उमगत नाही. रंगमंचावर ही सोय नाही. गावातील उघड्या मंचाभोवती लोक तिन्ही बाजूंस बसतात, तेव्हा मधली फट कोणास तरी दिसतेच. अशा ठिकाणी ठोशांऐवजी झटापट व ढकलाढकल योजणे शहाणपणाचे.

तलवार बोथट असावी, हे सांगणे नलगे. पण बोथट पातेही डोळा फोडू शकते. म्हणून रोख कधीही चेहऱ्याकडे नसावा. बंदुकीची गोष्ट याहून नाजूक आहे. १९९३ मध्ये 'द क्रो' या चित्रपटाच्या वेळी नळीत अडकलेले गोळीचे टोक कोऱ्या काडतुसाच्या दाबाने सुटले आणि ब्रँडन ली हा नट प्राणास मुकला. हौशी मंडळांनी बारूद मंचावर आणूच नये. आवाज पडद्यामागून काढावा.

तालमीत प्रत्येक हालचाल आकडे मोजीत, अगदी संथपणे बसवावी. वेग हळूहळू वाढवावा, परंतु पूर्ण वेगापर्यंत कधीच नेऊ नये. तोल सावरण्यास थोडी सवड उरली पाहिजे. प्रत्येक प्रयोगापूर्वी, त्याच मंचावर, त्याच पोशाखात संपूर्ण झुंज एकदा संथ गतीने करून पाहावी. दोघांपैकी एकाच्या जागी आयत्या वेळी बदली नट उभा राहिला असेल, तर त्या दिवशी ती झुंज मंचावर न करता पडद्याआडच्या आरडाओरड्याने सूचित करावी.