सुट्टी भरपूर, पण कधी?

‘आखाती देशातील भारतीय शाळेत हायस्कूलसाठी इंग्रजीची शिक्षिका पाहिजे. राहण्याची सोय, विमानाचे तिकीट आणि वर्षाला दोन महिने भरपगारी सुट्टी.’ अशा मजकुराच्या जाहिराती आता आपल्या तालुक्यांच्या गावांतही मोबाइलवरून फिरतात. आमच्या मंडळाच्या माहिती केंद्रात रेशनकार्ड आणि पोटगीच्या जोडीने हाही एक विषय झालाय. एम.ए. बी.एड. झालेल्या मुली येतात आणि विचारतात, "काकू, असं खरंच असतं का हो?"

असतं. पण या मुलींचा जीव पगारापेक्षा त्या ‘भरपगारी सुट्टी’त अडकलेला असतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना तासांचे पैसे मिळतात. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. दिवाळीला तेच. विनाअनुदानित शाळेत तर अनुदानाच्या आशेवर वर्षंच्या वर्षं जातात. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ८,००० रुपये मानधन मिळत होतं, ते २०२३ मध्ये १८,००० झालं. तेही जागा निघाली आणि निवड झाली तरच. ज्यांच्या लेखी सुट्टी म्हणजे उसनवारीचा महिना, त्यांना भरपगारी सुट्टीचं अप्रूप वाटणारच.

मी हे लिहायला बसले ते मात्र वेगळ्या कारणाने. माझी धाकटी नणंद २०२२च्या एप्रिलमध्ये शारजाला गेली. सीबीएसईच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला. त्या वेळी तिची मुलगी पाचवीत होती. नणंदेच्या यजमानांचं दुकान, ते सोडून जाणं शक्य नव्हतं. मुलगी दोन वर्षं आमच्याकडेच राहिली, आजी-मामा-मामीजवळ. म्हणून परदेशातल्या सुट्टीचा हिशोब मी या टोकाकडून पाहिलाय.

आधी जाण्याचं सांगते. शिकवता येणं ही नंतरची गोष्ट, पहिली परीक्षा कागदांची. नणंदेच्या पदवीवर माहेरचं नाव, बी.एड.च्या प्रमाणपत्रावरही माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे घरोघरी हीच कथा. इथे कुणी विचारत नाही, पण तिथल्या शिक्षण खात्याला प्रत्येक शिक्षकाची कागदपत्रं तपासूनच मान्यता द्यायची असते. त्यांना या दोन नावांच्या दोन बायका दिसतात! विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणा, हे सगळं आलं. मग पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा शिक्का, त्यावर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर अमिरातीच्या वकिलातीचा. शिवाय पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर लग्नाचा दाखला काढायला निघालेली बाई पाहून नगरपालिकेतल्या क्लार्कना भलताच संशय आला होता. "काय मॅडम, सगळं ठीक ना?" असं त्यांनी विचारलं म्हणे.

मुलाखत मोबाइलवर झाली. प्रश्न थोडे, पण एक पाठ शिकवून दाखवायचा होता. इथेच आपल्या मुली दचकतात. मराठी माध्यमात आपण इंग्रजी शिकवतो ते मराठीतून. आधी कवितेचा अर्थ मराठीत, मग शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरं. तिथल्या वर्गात केरळची, तमिळ, उत्तरेकडची, पाकिस्तानी अशी मुलं शेजारी शेजारी बसलेली. सगळ्यांना समजेल अशी भाषा एकच, ती म्हणजे जी शिकवायची तीच. नणंदेने त्याआधी चार महिने रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत दहावीचा धडा इंग्रजीतून मोठ्याने समजावून सांगायचा सराव केला. ऐकायला माझा मुलगा. त्याला काय बिचाऱ्याला कळत होतं! पण जीभ सुटली.

आता सुट्टीकडे येते. अमिरातीतल्या भारतीय शाळांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं, पण मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा तिथे ऊन असह्य असतं. डिसेंबरात पुन्हा काही आठवडे. शारजात तर २०२२च्या जानेवारीपासून शुक्रवार, शनिवार, रविवार असे आठवड्याचे तीन दिवस सुट्टी. ऐकणाऱ्याला हेवाच वाटावा. (चार दिवसांत पाच दिवसांचं काम बसवायला शाळेची वेळ लांबवली, आणि शुक्रवारी वह्यांचे गठ्ठे घरी येतात, हे जाहिरातीत नसतं.)

पण जरा आपलं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. आपल्या मुलांची मोठी सुट्टी मे महिन्यात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नणंद बॅगा भरभरून आली, आणि लेकीची शाळा सकाळी साडेदहा ते पाच, वर क्लास. आईला भरपगारी सुट्टी आणि मुलीला घटक चाचणी. पहिले चार दिवस मुलीने पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली. पाचव्या दिवशी आजीनेच तिला दटावून पाठवलं. नणंद दुपारभर घरात बसून असायची. पावसाची झड, वाळत नसलेले कपडे आणि घड्याळाकडे डोळे. एकदा म्हणाली, "वहिनी, तिथे तीस मुलींची मी टीचर. इथे एकीची वाट बघत बसलेय." मी काही बोलले नाही, चहा ठेवला.

पुढच्या मे महिन्यात उलटं करून पाहिलं. मुलीला घेऊन तिचे बाबा वीस दिवस शारजाला गेले. पण मे म्हणजे तिथे शाळा जोरात. बाहेर चाळीसच्या वर तापमान, आई दुपारनंतर दमून घरी येणार, बाप-लेक खोलीत टीव्ही लावून बसलेले. दिवाळीचंही तसंच. आपल्याकडे शाळेला दोन-अडीच आठवडे, तिथे जेमतेम एक-दोन दिवस. आणि गणपती? २०२५ मध्ये तिथल्या शाळा २५ ऑगस्टला उघडल्या आणि आपल्याकडे गणपती बसले २७ला. दोन महिने इथे राहून ती गौरी-गणपतीच्या तोंडावर परत गेली. सासूबाई विमानतळावर निघताना तिची ओटी भरत होत्या, तेव्हा गल्लीत मांडवाचे बांबू उतरत होते.

म्हणून मी मुलींना सांगते, सुट्टी किती हे दुसरं, सुट्टी कधी हे पहिलं. लग्न व्हायचं असेल किंवा मुलं कॉलेजात गेली असतील तर जुलै-ऑगस्ट काय आणि डिसेंबर काय. पण लहान मूल मागे ठेवून जाणार असाल, तर ‘दोन महिने मुलाबरोबर’ असा हिशोब मनात धरू नका. तेवढे मिळत नाहीत.

दुसरं, ती सुट्टी कागदावर कशी लिहिली आहे ते वाचा. अमिरातीच्या कामगार कायद्याने वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते. त्याच्या वरची सुट्टी शाळेच्या करारावर असते, म्हणजे करारात जे लिहिलंय तेवढीच आपली. पहिल्या वर्षी पूर्ण पगार आहे की नाही? जूनमध्ये राजीनामा दिला तर सुट्टीचा पगार मिळणार की नाही? मुलांची शाळा सुटल्यावर शिक्षकांना किती दिवस थांबावं लागतं, आणि उघडण्याआधी किती दिवस हजर व्हायचं? तिकीट दरवर्षी की एक वर्षाआड? जुलैच्या सुरुवातीला आखातातले सगळे भारतीय एकदमच घरी निघतात, त्यामुळे तिकिटाचे भाव आकाशाला भिडतात. तिकीट आपल्या खिशातून असेल तर महिन्याची बचत त्यातच जाते.

पगाराचे आकडेही नीट पाहा. एक दिरहॅम म्हणजे चोवीस रुपयांच्या आसपास, हे गणित सगळ्याजणी पटकन करतात. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे कुणी बघत नाही. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर असते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी. एकूण आकडा मोठा आणि मूळ पगार चिमुकला असेल तर शेवटी हातात थोडंच येतं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे पगार ब्रिटिश शाळांपेक्षा बरेच कमी असतात, हेही जाताना ठाऊक असावं.

आखात नको असेल तर काय, असंही विचारतात. भूतानमध्ये शाळा फेब्रुवारी ते डिसेंबर, मोठी सुट्टी थंडीत. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पण जागा निघतील तेव्हाच. अमेरिकेत शिक्षकांसाठी देवघेवीचा व्हिसा आहे. त्याला शिक्षणाबरोबर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, मुदत तीन वर्षांची आणि पुढे एक-दोन वर्षं वाढू शकते. दक्षिण कोरियाचा अनुभव मात्र जरा खट्टू करणारा. तिथला इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा सात देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारात भारतीयांना साहाय्यक शिक्षक म्हणून एक दार ठेवलंय, तेही शिकवण्याची पात्रता असेल तर. तुमचं इंग्रजी कसं आहे यापेक्षा पासपोर्ट कुठला आहे हे आधी बघतात, याचा मला रागच येतो. पण नियम त्यांचे.

एजंटांबद्दल दोनच गोष्टी. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते आणि तो ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. आमच्या भागातल्या एकाने एका मुलीकडे दीड लाख मागितले आणि वर "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ" असं सांगितलं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. तिच्या वडिलांनी म्हैस विकायची तयारी केली होती. नशीब, ती आधी आमच्याकडे आली.

नणंदेचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. २०२४ मध्ये करार वाढवताना तिने मुलीची फी निम्मी माफ करण्याचं कलम लिहून घेतलं आणि लेकीला तिथे नेलं, स्वतःच्याच शाळेत, सातवीत. आई मुलांना स्वतःच्या व्हिसावर आणू शकते. २०१९ पासून त्यासाठी ठरावीक पगाराची अट आहे, हुद्द्याची नाही. मुलीला पहिले सहा महिने जड गेले. एक तर सगळं इंग्रजीतून, त्यात परदेशी मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची. आता ती उजवीकडून डावीकडे झरझर लिहिते आणि आजीला फोनवर अरबीत आकडे म्हणून दाखवते. आता जुलैत दोघी एकदमच येतात. एकटे पडलेत ते तिचे बाबा, दुकान आणि रात्रीचा डबा.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी वेळ मात्र लक्षात ठेवा. एप्रिलच्या सत्राच्या मुलाखती हिवाळ्यातच सुरू होतात, आणि राजपत्र, शिक्के, पोलिसांचा दाखला यात दोन-तीन महिने सहज जातात. दिवाळीच्या सुट्टीत फराळाचं आटोपलं की पदवीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवरचं नाव एकदा अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि विवाह नोंदणी झाली नसेल, तर त्याच आठवड्यात नगरपालिकेत जा.