हंगामाआधी माणसं ठरवा

सेनगावात सोयाबीनची आवक सुरू झाली की आडतीवर हमाल, मापाडी, मुनीम सगळेच एकदम लागतात. ऐनवेळी धावाधाव करण्यापेक्षा काट्यावर कोण उभा राहणार, हिशेब कुणाला शिकवायचा, हे पोळ्यालाच ठरवलेलं बरं. छोट्या धंद्यातलं एचआर नियोजन इथूनच सुरू होतं.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा त्यांचाही पसारा छोटाच होता. भांडवल तुटपुंजं, पण माणसं पारखून घेतलेली. कारखान्याभोवतीच्या वसाहतीची व्यवस्था थोरले बंधू रामूअण्णांकडे. शिक्षा भोगून आलेल्यांना तर चक्क राखणदारी! कामगारांची घरंही तिथेच.

आणखी एक. २० कामगार झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. विसावा माणूस घेण्याआधीच त्याचा खर्च हिशेबात धरावा.