भिंत किती फुटांची?

२५ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को प्राणिसंग्रहालयातील तातियाना ही वाघीण खंदकाची भिंत ओलांडून बाहेर आली. एक तरुण मृत्युमुखी पडला, दोघे जखमी झाले. पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. तरुणांनी तिला डिवचले, असा आरोप झाला. तो खरा धरला तरी प्रश्न भिंतीचा उरतो. व्यवस्थापनाने आधी उंची १८ फूट सांगितली. मोजल्यावर सुमारे १२.५ फूट भरली. शिफारस १६.४ फुटांची होती. वहीतील साठा गोदामात कमी भरला, तर आपण गिऱ्हाइकाला जाब विचारत नाही. शिवाय वर्षभरापूर्वीच या वाघिणीने देखभाल करणाऱ्या महिलेच्या हाताला गंभीर इजा केली होती. जखमींचा दावा २००९ मध्ये ९ लाख डॉलर देऊन मिटविण्यात आला. भिंतही उंच करण्यात आली, वाघिणीच्या मृत्यूनंतर.