खेळणं दादाचं, धोका धाकटीला

‘केवढ्या मुलासाठी हवंय?’ खेळण्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न हाच येतो. पुण्याची तुळशीबाग असो, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या असोत की नागपूरची सीताबर्डी. गर्दीत घासाघीस करता करता ‘आठ वर्षांचा आहे’ असं उत्तर दिलं जातं आणि दुकानदार त्या वयाचा माल काढून दाखवतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घरी आल्यावर आठ वर्षांच्या दादाची गाडी जमिनीवर फिरते आणि तिच्यामागे दीड वर्षाची बहीण धावत असते. खोक्यावर छापलेलं वय दादाचं असतं. गाडीचा निसटलेला भाग तोंडात जातो तो बहिणीच्या.

म्हणून खरेदीला निघताना ज्याच्यासाठी खेळणं घ्यायचं त्याच्या वयाबरोबर घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं वयही डोक्यात हवं. सुट्टीत राहायला येणारी भाचरंही यात धरायची. बाजारातल्या बहुतेक वस्तू मोठ्या मुलाच्या हातात निर्धोक असतात. अपघात होतात ते ती वस्तू धाकट्याच्या हाती लागल्यावर.

दहाच्या नाण्याचा हिशेब

खेळण्याच्या खोक्यावर अनेकदा एक गोल खूण असते. त्यात ‘०-३’ असे आकडे आणि त्यावर आडवी रेघ. ‘आमची मुलगी वयाच्या मानाने खूप हुशार आहे’ असं म्हणून पालक या खुणेकडे काणाडोळा करतात. पण या खुणेचा बुद्धीशी काही संबंध नाही. तिचा संबंध श्वासनलिकेच्या रुंदीशी आहे. तीन वर्षांपर्यंतची मुलं प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहतात, त्यांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका अगदी अरुंद असते. घशात अडकलेली वस्तू जोराने खोकून बाहेर फेकण्याची ताकदही कमी असते.

किती लहान वस्तू धोक्याची, हे ठरवायला खेळण्यांच्या चाचणीत एक छोटं नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं; म्हणजे त्याहून जेमतेम पाच मिलिमीटर मोठं तोंड. जी वस्तू किंवा जो सुटा भाग न दाबता या नळकांड्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी घातक मानला जातो. भाहुलीचा बूट, गाडीचं चाक, टेडीचा डोळा, भातुकलीतली वाटी, सगळं याच मापाने तपासता येतं. दुकानात नळकांडं नसलं तरी खिशात दहाचं नाणं असतंच. टेडीचे डोळे-नाक ओढून पाहायला आणि गाडीची चाकं हलवून पाहायला दुकानदाराची हरकत नसावी. असली तर ते खेळणं न घेतलेलं बरं.

या हिशेबात न बसणारी एक वस्तू म्हणजे फुगा. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर चिकटून बसतो आणि हवेचा मार्ग पूर्ण बंद करतो. फुटक्या फुग्याचा तुकडा तोंडाने आत ओढून छोटा फुगा करण्याचा खेळ तर शाळकरी मुलंही खेळतात. म्हणूनच आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुग्यांशी मोठ्यांच्या नजरेखालीच खेळावं असं सांगितलं जातं. वाढदिवस आटोपला की फुग्यांचे तुकडे लगेच वेचून टाकावेत.

घास किंवा वस्तू अडकलेलं मूल मोठ्याने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावं. आवाज निघत नसेल, चेहरा निळसर पडत असेल, तर एक क्षणही घालवू नये. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. वर्षावरच्या मुलाला पाठीवरच्या थापांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावं आणि दुसऱ्याने १०८ला फोन करावा. मूल बेशुद्ध पडलं तर हे थांबवून जीवनसंजीवनी, म्हणजे सीपीआर, सुरू करावा लागतो. त्याचं प्रशिक्षण पालकांनी घेऊन ठेवलेलं चांगलं. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालून चाचपडू नये. ती आणखी आत जाते.

चमकणारं, वाजणारं आणि आतला सेल

आजच्या खेळण्यांच्या दुकानातली सर्वांत गंभीर वस्तू नाण्यासारखी दिसते. ती म्हणजे बटण सेल. त्यातही सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल जास्त घातक, कारण तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. सेल फुटून आतलं रसायन गळतं आणि इजा होते, असा समज आहे. प्रत्यक्षात सेल फुटावाच लागत नाही. अन्ननलिकेच्या ओल्या भिंती त्याच्या दोन्ही बाजूंना टेकल्या की विद्युतप्रवाह सुरू होतो. ऋण टोकाजवळ पाण्याचं विघटन होऊन तीव्र अल्कली तयार होते आणि ती शेजारचं मांस अक्षरशः विरघळवते. दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल काढल्यानंतरही ती जखम खोल जात राहते. काही मुलांमध्ये कित्येक दिवसांनी शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडून जिवावर बेतलं आहे. खेळणं चालवण्याइतका जोर न उरलेला, ‘संपलेला’ सेलही हे सगळं करू शकतो.

खेळण्यांच्या मानकानुसार असा सेल हत्याराशिवाय किंवा अवघड हालचालीशिवाय बाहेर काढता येऊ नये. खरेदी करताना सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे पाहण्याचं कारण हेच. पण त्याच दुकानात ‘खेळणं’ न म्हणवणाऱ्या कितीतरी वस्तू असतात: वाजणारं शुभेच्छापत्र, चमकणारी किल्लीची साखळी, दिवे लागणारी अंगठी, दिवाळीतल्या सेलवरच्या पणत्या. त्यांचं झाकण अनेकदा नखाने उघडतं. घरात लहान मूल असेल तर या वस्तू टाळाव्यात, किंवा झाकणाला घट्ट चिकटपट्टी लावून उंचावर ठेवाव्यात.

मुलाने सेल गिळला हे बहुतेक वेळा कोणी पाहिलेलंच नसतं. लाळ गळणं, खाण्याला नकार, खोकला, उलटी एवढीच लक्षणं दिसतात आणि ती सर्दी-खोकल्यासारखी वाटतात. नुसती शंका आली तरी तडक मोठ्या रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढावा. डॉक्टरांना ‘नाणं गिळलं असेल’ असं मोघम न सांगता ‘सेल असू शकतो’ असं स्पष्ट सांगावं. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. त्यावरून नाणं आणि सेल ओळखता येतो. उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. मूल वर्षावरचं असेल, सेल गिळून बारा तासांहून कमी वेळ झाला असेल आणि मूल नीट गिळू शकत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. मधाचा थर सेलभोवती बसून इजेचा वेग कमी करतो. पण हा उपचार नव्हे आणि मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

चुंबकाचे मणी, फुगणाऱ्या गोळ्या

सेलनंतर नजर ठेवायची ती चुंबकांवर. ताण घालवण्यासाठी म्हणून मोठ्यांना विकले जाणारे चुंबकाचे चकचकीत छोटे मणी जुन्या काळ्या लोहचुंबकापेक्षा कितीतरी शक्तिशाली असतात. एक मणी गिळला तर तो अनेकदा शौचावाटे निघून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला फक्त पोटदुखी असते. लहानच नव्हे, जिभेवर-नाकात दागिन्यासारखे मणी लावून पाहणारी किशोरवयीन मुलंही यात सापडतात.

पाण्यात टाकल्यावर फुगणाऱ्या रंगीत जेली गोळ्यांचं तसंच. कोरड्या असताना त्या मोहरीसारख्या दिसतात, पोटात गेल्या की फुगून आतडं अडवतात. एक्स-रेमध्ये त्या सहसा दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला उशीर होतो. फुलदाणीसाठी म्हणून आणलेल्या गोळ्याही याच.

छंदाची दुकानं, संग्राहकांची कपाटं

खेळण्यांच्या गल्लीला लागूनच आता छंदाच्या साहित्याची दुकानं असतात: जोडायची विमानं, रिमोटची वाहनं, छोटी धातूची मोटारगाडी जमवणाऱ्यांसाठी खास कपाटं. इथल्या खोक्यांवर बहुधा ‘१४ वर्षांवरील’ किंवा ‘संग्राहकांसाठी’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ इतकाच, की लहान मुलाच्या खेळण्यासाठी ही वस्तू बनवलेली किंवा तपासलेली नाही. बाबांचा संग्रह टीव्हीखालच्या खणात असेल, तर तो मुलाच्या हाताच्या उंचीवर आहे.

जुन्या वस्तूंच्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, पत्र्याची खेळणी आणि धातूचे शिपाई मिळतात. असे जुने शिपाई कित्येकदा शिशाचेच ओतलेले असत आणि जुन्या रंगातही शिसं असे. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं. ते हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. पोटात गेलेल्या शिशातलं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त शोषून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. नव्या खेळण्यांतही हा प्रश्न आलेला आहे: २००७ मध्ये मॅटेल या जगप्रसिद्ध कंपनीला रंगातल्या शिशामुळे लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली होती. पोपडे सुटणारी, बोट घासल्यावर रंग लागणारी वस्तू मुलाला देऊ नये. सर्किट जोडण्याचा छंद असलेल्यांनीही सोल्डरच्या तारेत शिसं असतं हे ध्यानात ठेवून हात साबणाने धुतल्याशिवाय लेकराला उचलू नये.

रिमोटच्या वाहनांची लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती पुन्हा चार्ज करू नये, आणि चांगली असली तरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

खोक्यावर काय वाचावं

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ ही मानकं आहेत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते दुकानातच कळतं. नुसतं चिन्ह छापणं सोपं असतं. खरा पुरावा हा क्रमांक.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यावर आयएसआय नसणं म्हणजे ते वाईट असणं नव्हे. तिथे कडा, सुटे भाग आणि रंग आपल्याच डोळ्यांनी तपासायचे.

घरी आल्यावर

खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या पिशव्या, तारा, चिकटपट्ट्या आधी कचऱ्यात टाकाव्यात. सेलचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने पुन्हा आवळावं. बदललेला सेल टेबलावर न ठेवता दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांपासून दूर ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा. छोट्या तुकड्यांच्या खेळण्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा करावा, आणि तो उघडून बसायची जागा टेबलावर ठरवावी, जमिनीवर नाही. हा नियम पाळायला आठ वर्षांचा दादा पुरेसा मोठा असतो. ‘हे तुझं आहे, पण धाकटीच्या तोंडात जाईल’ एवढं कारण सांगितलं, तर पडलेलं चाक सगळ्यात आधी उचलणारा बहुधा तोच असतो.